विमलताईंचं वाण

विमलताईंना कुणी "कशा आहात?" म्हणून विचारलं, की त्या म्हणायच्या, "हाय तशी हाय. तुमचं काय अडलंय?" विचारणारा नवा असला तर गडबडायचा. आम्ही बिबवेवाडीच्या त्या सोसायटीतले जुने लोक गडबडत नव्हतो, कारण पुढच्याच क्षणी त्या हातावर काहीतरी ठेवणार हे ठाऊक असायचं. शेंगदाण्याची वडी, भाकरीचा पापुद्रा, नाहीतर नुसतीच सोललेली लसणाची पाकळी. "खा. सर्दी झालेली दिसतीय."

तळमजल्यावर त्यांची खाणावळ होती. पुढच्या खोलीत चार टेबलं, मागे स्वयंपाकघर आणि मधल्या दारात पाट टाकून बसलेल्या विमलताई. तिथून त्यांना दोन्हीकडचं दिसायचं. जेवायला येणारी बहुतेक पोरं अकोला-अमरावतीकडची, नोकरीसाठी आलेली. एकदा त्यातला एक जण ताटाकडे बघून म्हणाला, आमच्याकडे असं नसतं. बाई तडक उठल्या, त्याच्याकडून नंबर घेतला, अमरावतीला त्याच्या आईला फोन लावला आणि पाटवडीच्या रश्श्याची कृती विचारून घेतली. त्या दिवसापासून दर गुरुवारी पाटवडी झाली. मात्र त्या पोराला पहिल्या गुरुवारी त्यांनी शेवटी वाढलं. नावं ठेवणाऱ्यानं थांबावं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं माहेर खराडीचं. आज तिथे काचेच्या इमारती आहेत. त्यांच्या लहानपणी तिथे ज्वारी होती आणि शाळा सातवीपर्यंतच होती. खाणावळीतली पोरं खराडीला कामाला जातात म्हटल्यावर त्या विचारायच्या, कुठली इमारत, कितवा मजला. मग म्हणायच्या, "तितं खाली आमची चिंच व्हती. सांभाळून जा, पडायला झालेली व्हती ती."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होते, एकटी. टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून विचारणाऱ्याला मी अजूनही सांगते, की चौकशीची खिडकी पलीकडे आहे. विमलताईंनी मात्र मला ते कधी विचारलं नाही. आमची मैत्री त्याच्यावरच जमली असावी.

त्यांचे यजमान, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, मार्केट यार्डात एका आडत्याकडे दिवाणजी होते. कडक इस्त्रीची पांढरी टोपी आणि तितकंच इस्त्री केलेलं बोलणं. बायकोचं गावाकडचं बोलणं त्यांना खपत नसे. चारचौघांत ते तिला दुरुस्त करायचे आणि ती पुन्हा मुद्दाम तसंच बोलायची. अप्पा माणूस वाईट नव्हते. फक्त त्यांचं कधी चुकत नसे. छत्री यार्डात विसरली, तर हिनं आठवण केली नाही. बस चुकली, तर हिनं डबा उशिरा भरला. "सबंध संसारात," लसूण सोलता सोलता विमलताई मला एकदा म्हणाल्या, "'चुकलं' ह्यो शब्द त्यांच्या तोंडून म्या ऐकला न्हाई. त्यांना येत नसंल. शुद्ध बोलनाऱ्यांत नसतोय वाटतं."

आता सिनेमाचं सांगते, कारण तो वगळला तर विमलताई अर्ध्याच राहतात.

परदेशी कंपन्या पुण्यात यायला लागल्या होत्या, ते दिवस. डेन्मार्कच्या एका कंपनीनं आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्यानं घेतला आणि तिथे एक इंजिनिअर येऊन राहिला. येन्स नावाचा, ताडमाड, लाजाळू. विमलताईंना नाव पटलं नाही, म्हणून त्यांनी त्याचं यशवंत केलं. तो खाणावळीत जेवायचा आणि जेवण झालं की स्वतःचं ताट उचलून मोरीत विसळून ठेवायचा. पहिल्या दिवशी विमलताई नुसत्या बघत राहिल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "पुरुषाला ताट इसळताना आज पयल्यांदा पायलं. त्योबी निघाला गोरा."

जाताना यशवंतनं आपला व्हिडिओ आणि पिशवीभर कॅसेटी त्यांना देऊन टाकल्या. बाकी सगळ्या फुटबॉलच्या होत्या. एक मात्र त्याच्या आजीचा आवडता सिनेमा होता, काळा-पांढरा, फार जुना, सगळा डॅनिशमध्ये, आणि खाली अक्षरं वगैरे काही नाहीत. जाण्याआधी त्यानं तो विमलताईंना एकदा दाखवला आणि अर्धं इंग्रजी, अर्धं हातवाऱ्यांनी समजावून सांगितला.

गोष्ट अशी. समुद्राकाठच्या गावात एक मिशाळ व्यापारी आणि त्याची बारकी, कष्टाळू बायको. एके दिवशी दोघं सूपच्या भांड्यावरून भांडतात. भांडं हा इकडे ओढतो, ती तिकडे ओढते. तेवढ्यात घरातली लाइट जाते. परत येते तेव्हा नवरा बायकोच्या अंगात आणि बायको नवऱ्याच्या अंगात. मग काय! बायकोच्या अंगातला नवरा मासे करपवतो, चोळीच्या नाड्या आवळता आवळता रडकुंडीला येतो. नवऱ्याच्या अंगातली बायको पेढीवर जाऊन टेबलावर पाय टाकून बसते, चिरूट ओढून खोकते आणि सगळ्या कारकुनांना सुट्टी देऊन टाकते. शेवटी पुन्हा तेच भांडं, पुन्हा लाइट जाते, येते. शेवटच्या चित्रात बायको नवऱ्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडत काहीतरी बोलते, तो तिच्या केसांवरून हात फिरवतो, आणि सिनेमा संपतो.

हा सिनेमा बरीच वर्षं कपाटात पडून होता. बाहेर आला तो अप्पा गेल्यावर.

अप्पांच्या छातीत दुखत होतं महिनाभर. विमलताई रोज डॉक्टरकडे चला म्हणायच्या. यार्डात हंगाम आहे, म्हणून ते रोज टाळायचे. शेवटी रिक्षात घालून नेलं. दवाखान्यात भेटायला गेलेल्या प्रत्येकाला अप्पांनी एकच सांगितलं, हिनं उशीर केला. मीही गेले होते, मीही ऐकलं. विमलताई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या आणि त्यांनी हूं की चूं केलं नाही. तीन-चार दिवसांत अप्पा गेले आणि ते वाक्य मागे ठेवून गेले. मग ते सासरच्यांनी उचललं. तेराव्यालासुद्धा कुणीतरी जिलबी वाढून घेता घेता म्हणालं, की वेळेवर नेलं असतं तर वाचले असते. माझा असा संताप झाला! विमलताईंनी त्या माणसाला आणखी एक जिलबी वाढली.

पुढे संक्रांत आली. आमच्या सोसायटीत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत दारोदार हळदीकुंकू चाले. दारात रांगोळी, तिळगूळ, अत्तर आणि प्रत्येकीच्या हातात वाण. म्हणजे वाटी, गाळणं, साबणाची डबी, त्या वर्षी बाजारात जे स्वस्त झालं असेल ते. सगळ्याच्या पुढारी चेअरमनांच्या पत्नी, फडतरेवहिनी. बोलावणं फक्त सवाष्णींना. त्या हिशेबात मी कुठेच बसत नव्हते. कुमारिकेचं वय सरलेलं आणि सवाष्णीचं लागलेलंच नाही. मला सवय होती. विमलताई मात्र आदल्या वर्षापर्यंत प्रत्येक घरात पहिल्या पाटावर बसलेल्या. त्या वर्षी बायका त्यांच्या दारावरून, पदर सावरत, पलीकडे बघत गेल्या.

चार दिवस त्यांनी ते पाटावर बसून पाहिलं. पाचव्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरांत सूचना लागली: "रथसप्तमीला दुपारी माझ्याकडे वाण आहे. सवाष्ण, बिनसवाष्ण, सगळ्यांनी यावे. हळद नाही, कुंकू नाही. सिनेमा आहे."

फडतरेवहिनी खाली आल्या. अहो, असं कुठे असतं का, हळदीकुंकू करायचा अधिकार आता तुमचा राहिलेला नाही, लोक काय म्हणतील, असं बरंच बोलल्या. विमलताई पीठ मळत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वैनी, कुकू तुमचं तुमच्यापाशी ठेवा. वाटायचा हात माजा हाय. त्यो काय त्यांच्याबरोबर जळाला न्हाई."

पहिल्या वर्षी आम्ही पाच जणी होतो. मी, दोन विधवा, माहेरी परत आलेली एक मुलगी आणि तिची आई. टेबलं भिंतीला लावली, तिळगूळ वाटला, कॅसेट घातली. सिनेमा सुरू झाल्यावर विमलताईंनी टीव्हीचा आवाज पार बंद केला, शेजारी उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या.

मी थक्क झाले. त्या सगळ्यांचं बोलत होत्या. मिशाळ नवरा आपल्या शुद्ध, कडक मराठीत हुकूम सोडत होता आणि त्याची बायको खराडीच्या बोलीत त्याला उत्तर देत होती. भांड्यावरून ओढाओढ झाली, लाइट गेली, आली, आणि पडद्यावरचा मिशाळ गडी मिशीला हात लावून म्हणाला, "आगं बया! ह्ये काय उगावलं?" त्याच्यासमोरची बारकी बाई ताठ मानेनं म्हणाली, "काहीतरी गफलत झालेली आहे. दोष अर्थातच तुझा आहे." हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. कोण कुणाच्या आत आहे, ते बोलण्यावरून लहान पोरालाही कळलं असतं. त्या शुद्ध बोलण्यात अप्पांचा सूर होता, तो ओळखायलाही मला वेळ लागला नाही.

पण खरी गंमत शेवटी. दुसऱ्यांदा लाइट गेली आणि आली, तेव्हा विमलताई म्हणाल्या, "नुसती लाइट गेली व्हती. आपल्याकडं दर गुरुवारी जातीया, तवा काय अदलाबदल व्हतीया का?" आणि गुडघ्यावर डोकं ठेवलेली ती बायको रडत रडत शुद्ध मराठीत बोलू लागली. "चुकलं माझं. क्षमा कर." म्हणजे आत नवराच होता! नवरा रडत होता, नवरा क्षमा मागत होता, आणि वर बसून केसांवरून हात फिरवत होती ती बायको. टीव्ही बंद झाला तरी कुणी उठलं नाही. माहेरी आलेली ती मुलगी म्हणाली, ताई, शेवटचं पुन्हा लावा ना.

पुढच्या वर्षी खोली भरली. त्याच्या पुढच्या वर्षी फडतरेवहिनी आल्या, "नुसतं बघायला" म्हणून, दाराशी बसल्या आणि सर्वांत मोठ्यानं हसल्या. मग पुरुषांनाही यावंसं वाटायला लागलं. विमलताईंनी येऊ दिलं, पण एका अटीवर: आलेल्यानं सगळ्यांच्या कपबशा विसळून जायचं. चांगले बँकेतले आणि कंपनीतले अधिकारी मोरीपाशी बाह्या सारून बसायचे. चेअरमन फडतरे आले नाहीत. सोसायटीचा हॉल मागितला तेव्हाही, तो कॉम्प्युटरच्या क्लासला दिलाय, म्हणून त्यांनी कळवलं. विमलताईंनी निरोप पाठवला, की क्लासला स्वतःही बसा, शिकायला वय नसतं.

बोलणं दर वर्षी बदलायचं. पाण्याचा पंप बंद पडला, की डेन्मार्कचा व्यापारीही पंपावरून चिडायचा. कुणाच्या घरी सुनेला नोकरी सोडायला लावली, की त्या वर्षी पेढीवर बसलेली बायको त्यावर दोन वाक्यं ठणकावून बोलायची, आणि ज्यांना लागायचं त्यांना लागायचं. शेवट मात्र तोच. चुकलं माझं, क्षमा कर. दर रथसप्तमीला बिबवेवाडीतल्या तीस-चाळीस बायका ते एवढं एक वाक्य ऐकायला यायच्या. आपापल्या घरी ते कितीजणींनी ऐकलं होतं, देव जाणे. मी नवऱ्याविना राहिलेली, मलासुद्धा ते हवं असायचं.

अशी कैक वर्षं गेली आणि फडतऱ्यांच्या घरी केतकी आली. त्यांची सून, खराडीला आयटीत. विमलताईंवर तिचा भारी जीव. तिच्या कंपनीचं काम डेन्मार्कमधल्या एका गिऱ्हाइकाशी होतं, ती सहा महिने तिकडेच, ऑनसाइट, गेली, आणि तिथल्या लोकांना विचारत विचारत तिनं तो सिनेमा शोधून काढला. लख्ख डीव्हीडी, खाली इंग्रजी अक्षरं. विमलताईंना आनंद होईल म्हणून तिनं कुणालाच सांगितलं नाही. सासऱ्यांकडून हॉल मिळवला, ऑफिसातून प्रोजेक्टर आणला आणि रथसप्तमीला सगळ्यांना वर बोलावलं. या वर्षी तुम्ही उभं राहायचं नाही ताई, म्हणाली, या वर्षी तुम्ही पहिल्या खुर्चीवर बसून बघायचं.

विमलताई बसल्या. हॉल भरलेला. सुनेनं घातला घाट म्हणून चेअरमन फडतरेही पहिल्यांदाच आलेले, मागच्या रांगेत. सिनेमा सुरू झाला आणि लोक खालची अक्षरं वाचायला लागले. ज्यांना वाचता येत नव्हती त्यांना शेजारचे सांगायला लागले. हसू येत होतं, पण आमच्या हसण्याच्या जागा चुकत होत्या. पंप नव्हता, सून नव्हती. बाई आणि पुरुष एकाच भाषेत बोलत होते.

शेवट आला. लाइट गेली, आली. बायकोनं गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि खाली अक्षरं उमटली. क्षमा कर. मी पुन्हा कधी तक्रार करणार नाही. यापुढे तुम्ही म्हणाल तसं. कुणीतरी ते मराठीत मोठ्यानं सांगितलं. सिनेमा संपला, दिवे लागले आणि हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना.

फडतरेवहिनींचा चेहरा उतरला होता. त्यांना राग आला नव्हता, मला वाटतं त्यांना दुःख झालं होतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे विमलताई, ते सगळं खोटं होतं? क्षमा तीच मागते?"

मागून चेअरमन हसले. "तरी मी म्हणत होतो. अहो, जुनी माणसं कुठलीही असोत, शेवटी नीटच वागणार."

केतकी रडायच्या बेतात आली होती. ताई, मला ठाऊक नव्हतं, एवढंच म्हणत होती. विमलताई खुर्चीतून उठल्या. गुडघे दुखायचे त्यांचे तेव्हा, वेळ लागला. आधी केतकीच्या पाठीवर हात ठेवला, मग पडद्यापाशी गेल्या.

"मला ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. "यशवंतानं पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं. मी त्याला इचारलं, दुसऱ्यांदा लाइट गेल्यावर त्ये परत आपापल्या अंगात गेले, ह्ये तुला कुनी सांगितलं? दिसतंय का? त्यो म्हनाला, दिसत न्हाई, पन समजायचं असतं. म्हटलं, तू समज. मी न्हाई समजनार." मग त्या चेअरमनांकडे वळल्या. "आक्षरं तुमाला चांगली वाचता येत्यात, साहेब. बाईच्या तोंडातून क्षमा आली, ह्ये लिवलंय. बाईच्या आत कोन हाय, ह्ये लिवलंय का कुटं? दाखवा."

चेअरमनांनी रिकाम्या पडद्याकडे पाहिलं. तसं कुठे लिहिलेलं नव्हतंच.

विमलताईंनी केतकीला शेवट पुन्हा लावायला सांगितला. तिनं घाईघाईनं रिमोट उचलला आणि विचारलं, अक्षरं काढून टाकू का?

"राहू देत. ज्याला वाचायचीत त्यानं वाचावीत. आवाज तेवढा बंद कर."

दिवे विझले. प्रोजेक्टरचा उजेड विमलताईंच्या अंगावर पडला. दर वर्षी टीव्हीच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या विमलताई त्या दिवशी पडद्याच्या समोरच उभ्या होत्या. त्या परदेशी बाईचा रडवेला चेहरा यांच्या चेहऱ्यावर आणि पांढऱ्या केसांवर आला होता, आणि खालची इंग्रजी अक्षरं त्यांच्या लुगड्याच्या निऱ्यांवर मोडून गेली होती. लाइट गेली, आली. "नुसती लाइट गेली व्हती," त्या म्हणाल्या, आणि सगळा हॉल श्वास सोडल्यासारखा हसला.

मग तो आवाज आला. शुद्ध, कडक, इस्त्रीचा. पण त्या दिवशी त्याची इस्त्री मोडलेली होती.

"चुकलं माझं. क्षमा कर." दर वर्षी सिनेमा इथे संपायचा. त्या दिवशी त्या थांबल्या नाहीत. पडद्यावर ती बाई बोलतच होती आणि विमलताईही. "तू रोज चला म्हणत होतीस. मीच येत नव्हतो. सगळ्यांना मी खोटं सांगितलं. उशीर तू केला नाहीस, विमल."

पडद्यावरच्या बायकोचं नाव काय होतं, कुणाला ठाऊक. ते कुणी विचारलंही नाही. सिनेमा संपून पडदा पांढरा झाला तरी विमलताई तिथेच उभ्या होत्या, लख्ख उजेडात, डोळे मिटून, ऐकून घेत असल्यासारख्या. त्यानंतर त्या दोन वर्षं होत्या, आणि पुढच्या रथसप्तमीला वाणही झालं. पण मला त्या आठवतात त्या तशाच. मागे अंधारात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. चेअरमन फडतरे उठले होते आणि रांगेतल्या कपबशा गोळा करत होते.